नाटकाच्या बातमीत नटांची नावं छापा

प्रति,
माननीय संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

सप्रेम नमस्कार.

राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर नुकतंच आमच्या मंडळाचं नाटक झालं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, संध्याकाळी सातचा प्रयोग. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला. नाटकात माझ्या सुनेचं काम करणारी मुलगी बोलत होती. "काकू, तुमच्याकडे जो पेपर येतो, त्यात आहे का?" एवढंच तिनं विचारलं. तिचे वडील त्या वेळी जगनाडे चौकातल्या पेपरच्या स्टॉलवर उभे होते. त्यांनी तीन पेपर विकत घेतले, स्कूटरच्या सीटवर पसरून पानन् पान बघितलं आणि लेकीला फोन लावला. तिनं मला लावला.

बातमी तिन्ही पेपरांत होती. आपल्या पेपरात तर तीन कॉलम होती. स्पर्धेचा पहिलाच दिवस असल्यामुळे दीपप्रज्वलनाचा फोटो होता. त्याखाली मंचावरच्या नऊ जणांची नावं, हुद्द्यांसकट. मग नाटकाचं नाव, मंडळाचं नाव, आणि शेवटची ओळ: 'कलावंतांच्या अभिनयाला रसिकांनी भरभरून दाद दिली.' त्या कलावंतांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

आपला बातमीदार मी विंगेतून बघितला होता. तरुण मुलगा, चौथ्या रांगेत बसला होता, शेवटचा पडदा पडेपर्यंत उठला नाही. मध्यंतरात त्यानं आमच्याकडून पत्रक मागून नेलं. त्यानं नावं लिहून दिली नसतील असं मला वाटत नाही. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात हे मला माहीत आहे, आणि नटांची नावं नेहमी खालीच असतात. म्हणून हे पत्र त्या मुलाच्या विरोधात नाही. नाटकाची बातमी आपल्याकडे ज्या क्रमानं लिहिली जाते, त्या क्रमाबद्दल आहे.

मी कोण, ते थोडं सांगते. नंदनवनात राहते. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. वय बासष्ट. १९८४ साली धनवटे रंगमंदिराच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहिले. झाशी राणी चौकातलं ते जुनं थिएटर आता राहिलं नाही, तिथे विदर्भ साहित्य संघाचं संकुल उभं आहे. पण त्या चौकातून ऑटो गेला की माझी मान अजून त्या बाजूला वळते. माझं काम मोलकरणीचं होतं. अकरा वाक्यं. त्या अकरा वाक्यांसाठी दोन महिने रोज रात्री आठ ते साडेदहा तालमीला गेले. हातात चहाचा ट्रे घेऊन यायचं, ठेवायचा आणि जायचं. दिग्दर्शकांनी त्या जाण्यावर तीन संध्याकाळी घालवल्या. ते म्हणाले, "तू जाताना घरातलं काहीतरी ऐकलं आहेस, पण ऐकलं नाही असं दाखवते आहेस. पाठमोरी असताना हे कळलं पाहिजे." पाठीनं बोलायचं मी तिथे शिकले. त्या नाटकाच्या परीक्षणात माझं नाव आलं होतं. मोलकरणीचं! अर्धी ओळ. त्या काळी परीक्षण लिहिणारे शेवटच्या परिच्छेदात सगळ्यांची नावं घ्यायचे, काम बरं नसेल तर तसंही लिहायचे. माझं आडनाव चुकीचं छापलं होतं, तरी ते कात्रण मी जपून ठेवलं. त्याची गोष्ट पुढे येईल.

हौशी रंगभूमीवर काम करणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. स्पर्धेचं नाटक म्हणजे दोन-अडीच महिन्यांची तालीम आणि प्रयोग एक. एकच. त्या दिवशी घसा बसला, तर पुढचा प्रयोग नसतो. आमचे दिग्दर्शक वीज कंपनीत होते, नायक शाळामास्तर, प्रकाशयोजना करणारा पोरगा दिवसा औषधांच्या दुकानात. सगळे आपापलं काम उरकून, डबा सायकलला लटकवलेलाच, तालमीला यायचे. जागा मिळेल तिथे तालीम. कधी शाळेचा वर्ग, कधी देवळामागचा हॉल, कधी कोणाच्या तरी गच्चीवर. डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीत स्वेटर घालून प्रेमाचे प्रवेश केले आहेत. प्रयोगाच्या दिवशी सकाळी सेट लावायचा, दुपारी लाइट लावायचे, संध्याकाळी नाटक करायचं आणि रात्री तासाभरात सगळं उतरवून टेम्पोत टाकायचं, कारण उद्या दुसऱ्या मंडळाचा दिवस. पैसे मिळत नाहीत, उलट वर्गणी काढावी लागते. माझ्या हिश्शाची वर्गणी मी नेहमी शिवणकामात फेडली. मंडळाचे निम्मे कपडे माझ्या मशीनवर झाले आहेत.

पाठांतरही त्याच मशीनवर. संहितेची पानं समोरच्या भिंतीला टाचणीनं लावते आणि पायडल मारत वाक्यं म्हणते. फॉलची लांब सरळ शिलाई असली की मोठी स्वगतंसुद्धा बसतात. बाहीची गोलाई आली की थांबावं लागतं, तिथे लक्ष कापडातच हवं. इतक्या वर्षांत असं झालं आहे, की एखादं जुनं वाक्य आठवलं की त्या वेळी हातात कोणत्या रंगाचं कापड होतं तेही आठवतं.

लग्न १९८८ मध्ये झालं. पुढे दहा वर्षांनी नवऱ्याची गिरणी बंद झाली. घरात दोन मुलं. ब्लाउजवर घर चालत नव्हतं. तेव्हा मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "सीझनला वडशाला येतेस का? नाइटचे पैसे मिळतात." अशी मी झाडीपट्टीत गेले. १९९८ पासून चार सीझन.

नागपुरातल्या पुष्कळ वाचकांना झाडीपट्टी रंगभूमी ऐकून माहीत असते, बघितलेली नसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख. धान कापून झालं, दिवाळी आली, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात, आणि त्या दिवशी रात्री गावात नाटक असतंच. दिवाळीपासून होळीपर्यंत हा सीझन चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. तिथल्या नाटक कंपन्यांना 'प्रेस' म्हणतात. नाटकाची पत्रकं छापणाऱ्या छापखान्यांतून हा व्यवसाय वाढला, म्हणून ते नाव राहिलं असं मला तिथल्या जुन्या माणसांनी सांगितलं. २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा पट थांबले, नाटकं थांबली नाहीत. लोक तिकीट काढून नाटक बघतात. अनुदानावर नाही, गावाच्या पैशावर चालणारी ही रंगभूमी आहे, आणि ती नागपूरपासून काही तासांच्याच अंतरावर आहे.

त्या वेळी इतवारीहून नागभीडला छोटी लाइन जायची. उमरेड, भिवापूर करत ती गाडी इतकी सावकाश जायची, की मी डब्यात बसून सबंध नाटक दोनदा वाचून काढायची. नागभीडला उतरून मोठ्या गाडीनं ब्रह्मपुरी आणि मग वडसा. ती छोटी गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या लाकडी बाकावर मी किमान वीस नाटकं पाठ केली असतील.

'पाठ केली' म्हटलं खरं, पण तिकडचा शिरस्ता वेगळा. तालमीला वेळ मिळतच नाही. आज एका गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. रंगमंचासमोर वाजवणारे बसतात, त्यांच्या शेजारी प्रॉम्प्टर वही घेऊन बसतो, आणि त्याच्या ओठांकडे आणि प्रेक्षकांकडे एकाच वेळी बघत बोलायचं. हौशी रंगभूमीवर प्रॉम्प्टिंग ऐकू आलं की आम्ही शरमेनं मान खाली घालायचो. तिकडे त्या आवाजावर विश्वास टाकायला शिकावं लागलं. पहिल्या आठवड्यात मला ते जमेना. वाक्य कानात पडायचं आणि तोंडातून निघायचं, मधे मन कुठेच नसायचं. मग एका ज्येष्ठ नटानं सांगितलं, "माय, शब्द तो देते. तू फक्त ते शब्द बोलायची गरज कावून पडली, ते सांग." अभिनयावरचं इतकं नेमकं बोलणं मी कुठल्याही शिबिरात ऐकलं नाही.

रात्री दहाला नाटक सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. शेतात मंच बांधलेला, तट्ट्यांच्या आडोशाला रंगपट, एका बल्बखाली आम्ही सहा जणी. जानेवारीच्या थंडीत पातळ जरीची साडी. बोलताना तोंडातून वाफ निघायची, आणि ती दिव्यात दिसू नये म्हणून काही जण एंट्रीच्या आधी थंडगार पाणी प्यायचे. प्रेक्षक घोंगड्या, चादरी, सतरंज्या घेऊन यायचे, मांडीवर लेकरं घेऊन बाया बसायच्या. कितीही थंडी पडो, शेवटच्या प्रवेशापर्यंत कोणी उठायचं नाही. नाटक संपलं की सुमोत बसायचं, मान जिकडे टेकेल तिकडे झोपायचं, आणि दुपारी दुसऱ्या गावात डोळे उघडायचे. मला एका नाइटचे तीनशे रुपये मिळायचे. त्या पैशांवर माझ्या मुलांच्या शाळेची फी भरली आहे.

चारही वर्षांची भाऊबीज बाहेर गेली. सीझन तेव्हाच सुरू होतो. पहिल्या वर्षी रंगपटात बसून मला भावाची फार आठवण आली. खलनायकाचं काम करणारे आमचे सहकारी मेकअप करून तयार होते, काळी मिशी, कपाळावर व्रण. ते उठले, वही ठेवण्याचा पाट सरकवून त्यावर बसले आणि म्हणाले, "ओवाळ." मी निरांजन कुठून आणणार? मेकअपच्या पेटीतल्या आरशासमोर मेणबत्ती होती. तीच ताटलीत ठेवली आणि ओवाळलं. ते आजही दर भाऊबीजेला फोन करतात.

एक रात्र मात्र सविस्तर सांगायची आहे. ब्रह्मपुरीकडचं एक गाव. मी घरातून हाकलून दिलेल्या मुलाच्या आईचं काम करत होते. दोन वाजून गेले असतील. तो मुलगा दाराशी येतो, बाप त्याला आत घेऊ देत नाही, आणि आई मधे उभी, अशा ठिकाणी वीज गेली. मंच काळा, माइक बंद, प्रॉम्प्टरची वही दिसेना. पाच-सहा हजार माणूस समोर असेल. गलका होईल असं वाटलं. मी वाक्य विसरले होते. मला फक्त एवढं कळलं, की मुलगा दाराबाहेर आहे. मी त्याच्या नावानं हाक मारली. माइकशिवाय, पोटातून. मागून एकानं गावातली पेट्रोमॅक्स आणून मंचाच्या कडेला ठेवली, प्रेक्षकांतल्या लोकांनी टॉर्च लावून आमच्या अंगावर धरले, आणि तो प्रवेश आम्ही त्या उजेडात पुरा केला. एकही माणूस बोलला नाही. कुठेतरी दूर एक लेकरू रडत होतं, तेवढंच.

पहाटे मी तोंड पुसत होते, तर एक म्हातारी आत आली. पदरात पायलीभर तांदूळ. तो माझ्या पिशवीत ओतला आणि माझा हात धरून म्हणाली, "त्या पोराले घरात घेजो माय. बापाचं आयकू नको." आणि निघून गेली. नाटक शेवटपर्यंत बघितलं होतं तिनं, त्यात तो मुलगा परत येत नाही. तरी तिनं मला सांगितलं. मी ते तांदूळ नागपूरला आणले आणि घरी त्याचा भात केला.

लोक विचारतात, नाटकातून तुम्हाला काय मिळालं? मी त्यांना ही रात्र सांगते.

आता झाडीपट्टीच्या पत्रकाबद्दल. गुलाबी, पिवळा, हिरवा, अगदी स्वस्त कागद. वर नाटकाचं नाव ठसठशीत, आणि खाली नटांची नावं, त्यांचे फोटो, कोण कुठलं हेही. 'नागपूरची सुप्रसिद्ध स्त्री कलावंत' असं माझ्या नावाआधी छापलेलं असायचं. वाजवणाऱ्यांची नावं, गाणाऱ्यांची नावं, लाइटवाल्याचं नाव. गाव लहान, कागद लहान, तरी त्यात सगळी माणसं मावायची. प्रेक्षक ते पत्रक घडी करून खिशात ठेवायचे आणि चहाच्या टपरीवर काढून बघायचे, की आज कोण येणार आहे. नाटक हे माणसं करतात, हे त्या मुलखाला कोणी शिकवावं लागत नाही. तिथल्याच मातीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी विचारलं, हे कोण? झाडीत हा प्रश्न कोणाला पडला नसेल. त्यांचं नाव तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं अशाच पत्रकांवर वाचलं होतं.

आणि आपलं नागपूर? नाटककार दारव्हेकर मास्तरांचं, त्यांच्या रंजन कला मंदिर ह्या नाट्यसंस्थेचं हे शहर आहे. महेश एलकुंचवार इथे राहून लिहीत आले. २०१९ मध्ये ९९ वं नाट्य संमेलन रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात झालं, प्रेमानंद गज्वी अध्यक्ष होते, तेव्हा आम्ही शिवणाचं काम बाजूला ठेवून जाऊन बसलो. नाटककारांची नावं ह्या शहराला पाठ आहेत आणि असावीतच. पण त्या नाटकांच्या स्पर्धेतल्या, हौशी प्रयोगांत कोण उभं होतं, हे कोणाला विचारलं तर कोणाच्या तरी आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. आठवणारी माणसं कमी होत चालली आहेत. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ नट दोन वर्षांपूर्वी गेले. पस्तीस वर्षं नोकरी सांभाळून काम केलं. रजा नेहमी नाटकासाठी साठवायचे, आजारी पडले तरी घ्यायचे नाहीत. शोकसभेत लावायला त्यांच्या मुलानं कात्रणं मागितली. आम्ही सगळ्यांनी आपापल्या पेट्या उचकल्या. त्यांचं नाव असलेली सापडली चार. त्यातली तीन १९९० च्या आधीची.

कात्रण ही नुसती हौस नाही, हेही सांगायला हवं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं. महिन्याला ५,००० रुपये. त्यासाठी कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. मी अर्ज घेऊन गेले. चाळीस वर्षांच्या कामाची पिशवी काउंटरवर रिकामी केली. पेपरातली कात्रणं निघाली नऊ. पहिल्यात आडनाव चुकलेलं. पुढच्या तिनांत माहेरचं नाव, कारण तेव्हा लग्न झालं नव्हतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. उरलेल्या पाचांत एकदा मी 'इतर कलावंत' मध्ये. मग मी झाडीपट्टीची पत्रकं काढली. पन्नासच्या वर असतील, प्रत्येकावर फोटो आणि नाव. समोरच्या माणसानं ती नीट बघितली आणि परत केली. "मॅडम, ह्या जाहिराती आहेत. पेपरात नाव आलेलं दाखवा." शेवटी उपयोगी पडली ती आकाशवाणीची करारपत्रं. नागपूर केंद्रावर नभोनाट्यं केली होती, त्या प्रत्येकाचा कागद, तारीख, सही, शिक्का सगळं होतं. अर्ज अजून विचाराधीन आहे.

मला मानधन मिळावं म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या नोकऱ्या लागल्या आहेत आणि माझे हात अजून चालतात. पण त्या काउंटरवर मला पहिल्यांदा लख्ख कळलं, की सरकारच्या दृष्टीनं नट म्हणजे ज्याचं नाव पेपरात छापून आलं तो. आणि नाव छापायचं की नाही, हे रात्री अकरा वाजता आपल्या कचेरीत ठरतं. इतकी मोठी गोष्ट आपल्या हातात आहे, हे आपल्याला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. म्हणून कळवते आहे.

आता त्या मुलीकडे परत येते.

ती एकोणीस वर्षांची आहे. मोबाइलच्या दुकानात काम करते. तालमीसाठी दोन महिने संध्याकाळची पाळी सोडली, त्याचा पगार कापला गेला. वडिलांना पसंत नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत, काळजी करणारे आहेत. रात्री साडेदहाला मुलगी घरी येते म्हणजे काय, हा प्रश्न माझ्याही वडिलांनी १९८४ मध्ये विचारला होता. मी रोज तिला ऑटोतून फाटकापर्यंत सोडायची. प्रयोगाला ते आले. मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसले.

दुसऱ्या अंकात एक प्रवेश आहे. सासू सुपात तांदूळ पाखडते आहे आणि सून तिला सांगते, की मी हे घर सोडून चालले. तालमीत आम्ही सूप रिकामंच वापरत होतो. प्रयोगाला खरे तांदूळ घेतले, आवाज यावा म्हणून. तिचं वाक्य आलं, माझा हात थांबला आणि सूप तिरपं झालं. तांदूळ सांडले, लेव्हलवरून, म्हणजे मंचावरच्या चौथऱ्यावरून, खाली काळ्या पडद्यापर्यंत गेले. हे ठरलेलं नव्हतं. मी घाबरले. अंधारात पुढच्या प्रवेशाला कोणाचा पाय घसरला असता. ती मुलगी गुडघ्यावर बसली आणि एकेक दाणा वेचायला लागली. वेचता वेचताच बोलत राहिली. "मी जाते आहे," असं म्हणत होती आणि हात त्या घरातला दाणा न् दाणा उचलून सुपात परत ठेवत होते. लेखकानं जे चार पानांत लिहिलं होतं, ते त्या हातांत दिसलं. सभागृह इतकं शांत झालं, की सुपात पडणारा दाणा मला ऐकू येत होता. मी चाळीस वर्षं नाटकात आहे. असं समोरून घडताना मी चार-पाचदा बघितलं असेल.

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, मीही नाही. दोन महिने रोज त्या घरात राहिल्यावर ते आतून आलं. ते आतून यावं म्हणून तर दोन महिने जायचे असतात.

नाटक संपल्यावर तिचे वडील रंगपटाच्या दाराशी आले. काही बोलले नाहीत. तिच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली आणि स्कूटरकडे चालू लागले. आणि सकाळी साडेसहाला ते पेपरच्या स्टॉलवर होते. त्यांना नाव बघायचं होतं. घराण्यात कोणाचं नाव कधी पेपरात आलेलं नाही, असं ती सांगत होती. त्यांना ते कापून ठेवायचं असेल, दुकानाच्या मालकाला दाखवायचं असेल, किंवा नुसतं वाचायचं असेल. 'कलावंतांच्या अभिनयाला दाद' ह्या ओळीत त्यांना त्यांची मुलगी सापडली नाही.

माझी मागणी लहान आहे. नाटकाची बातमी छापताना लेखक-दिग्दर्शकांच्या पाठोपाठ सगळ्या नटांची नावं द्या, कोणी कोणतं काम केलं तेही, आणि नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा करणाऱ्यांची. ती बातमीच्या वरच्या अर्ध्या भागात द्या, म्हणजे खालून कापली तरी राहतील. मी पट्टीनं मोजून बघितलं. आमच्या नाटकाची सगळी नावं आपल्या टाइपात एका कॉलमच्या नऊ ओळींत बसतात. दीपप्रज्वलनाच्या फोटोखालच्या नावांनी तेवढ्याच ओळी घेतल्या होत्या. त्या काढा असं मी म्हणत नाही. पाहुणे येतात, वेळ देतात, त्यांचीही नावं असू द्या. आडनावं तपासून घ्या. ज्या मंडळाचं नाटक असेल, त्यानं स्वच्छ अक्षरात यादी द्यावी. स्पर्धा संपेपर्यंत रोज संध्याकाळी मी सभागृहात असतेच. मंडळांकडून यादी घेऊन आपल्या बातमीदाराच्या हातात द्यायचं काम मी करीन. आणि जमलं तर आठवड्यातून एकदा परीक्षण पुन्हा सुरू करा, पूर्वीसारखं. काम फसलं असेल तर फसलं म्हणून लिहा. नाव घेऊन लिहा.

सोबत आमच्या पत्रकाची झेरॉक्स जोडली आहे. त्यात चौदा नावं आहेत. त्या मुलीचं नाव सातवं आहे, त्याखाली मी पेन्सिलनं रेघ मारली आहे. स्पर्धेचा निकाल लागेल तेव्हा आपण बातमी करालच, त्या वेळी ही यादी हाताशी असावी.

माझं नाव आणि पत्ता नियमाप्रमाणे वेगळ्या कागदावर दिला आहे. पत्राखाली तो छापू नका. ह्या पत्रासाठी मला नाव नको आहे, ते नाटकाच्या बातमीत तेराजणांच्या सोबत यावं. तिचे वडील तेव्हापासून जगनाडे चौकातून रोज आपलाच पेपर घेतात, असं तिनं काल सांगितलं.

आपली नम्र,
एक नाट्यकलावंत
नंदनवन, नागपूर